जुनं सामान ऑनलाइन विकायचंय? आधी मापं, मग भाव, मग गिऱ्हाईक

जाहिरातीत जे लिहायचं राहून जातं, त्याचाच वाद नंतर दारात उभं राहून घालावा लागतो. सोफा जिन्यातून उतरेल का, बिल आहे का, टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं, किंमत कुठवर खाली येईल? यातल्या एकाचंही उत्तर लिहिलं नसलं की मेसेजांची रांग लागते, आणि त्या रांगेतला एखादाच माणूस प्रत्यक्ष येतो. म्हणून ओएलएक्स असो, फेसबुक मार्केटप्लेस असो की सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फोटो काढण्याआधी टेप, कागद आणि फडकं घेऊन सामानापाशी बसा.

फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांच्या मागे किंवा बाजूला एक पट्टी असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक आणि बहुतेकदा बनवल्याचा महिना-वर्ष असतो. तिचा फोटो जाहिरातीत टाका, फक्त सीरियल क्रमांक झाकून. स्टारच्या स्टिकरवरचं वर्षही दिसू द्या. स्टारचे निकष अधूनमधून कडक होत गेले आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा ५ स्टार आजच्या ५ स्टारइतकी वीज वाचवत नाही. जाणकार गिऱ्हाईक हे विचारतोच, आणि वर्ष लपवलेलं दिसलं की बाकीच्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

लाकडी सामानाची लांबी, रुंदी, उंची इंचात लिहा. सोफ्याची सर्वांत लांब बाजू आणि पाठीची उंची वेगळी द्या, कारण जिन्याच्या वळणावर तीच अडते. गिऱ्हाइकाला त्याच्या दाराची रुंदी मोजून पाठवायला सांगा. इंदूरच्या सुदामा नगर किंवा लोकमान्य नगरमधल्या जुन्या घरातून सोफा निघतो, पण विजय नगरातल्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही. मग तोच टेम्पो माघारी येतो आणि पैसे परत मागितले जातात. पलंग प्लायचा आहे की पार्टिकल बोर्डाचा, हेही स्पष्ट लिहा. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा काढून परत लावला की पकड ढिली होते. तो पलंग सुटा करून दुसरीकडे जोडल्यावर डुगडुगला तर दोष विकणाऱ्यावर येतो.

दोष झाकू नका. पोपडा, गंज, फाटलेली शिवण, फ्रिजच्या दाराचं सैल रबर, प्रत्येकाचा जवळून एक फोटो, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. जो दोष फोटोत दिसला त्यावर दारात भाव पाडता येत नाही. फोटो दिवसाउजेडी, खिडकीकडे पाठ करून काढा. तिजोरी, घराचा नंबर, मुलांचे चेहरे चौकटीत येऊ देऊ नका.

भावाचे दोन आकडे

कागदावर दोन आकडे लिहा: मागायचा आणि त्याखाली न उतरायचा. दुसरा मनाने ठरवू नये. दुकानात एक्सचेंजमध्ये किती मिळतात ते विचारा, कबाडीवाल्याला वजनाचा भाव विचारा. या दोहोंतला मोठा आकडा तुमचा तळ. लोखंडी कपाटाला वजनावर बऱ्यापैकी पैसे येतात, पार्टिकल बोर्डाच्या टेबलाला जवळजवळ काहीच येत नाहीत, त्यामुळे तळ वस्तूगणिक बदलतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीला मात्र बॅटरीच्या दुकानातच विचारा. आतल्या शिशामुळे बंद बॅटरीलाही किंमत असते, आणि घरी येणारा कबाडी ती क्वचितच पूर्ण सांगतो.

मागायचा आकडा तळाच्या १५ ते २० टक्के वर ठेवा. त्याहून जास्त ठेवला तर खरं गिऱ्हाईक फोनच करत नाही, फक्त अर्ध्या भावात मागणारे उरतात. शहरातल्या तशाच वस्तूंच्या जाहिराती पाहताना किती दिवसांपूर्वी टाकल्या आहेत तेही पाहा. महिनाभर पडून असलेल्या जाहिरातीतला भाव हा बाजारभाव नसतो.

इंदूरमध्ये हंगाम महत्त्वाचा आहे. कूलरला खरी मागणी मार्च-एप्रिलमध्ये. पावसाळा लागला की तोच कूलर निम्म्यातही जात नाही. टेबल, सिंगल पलंग, छोटा फ्रिज यांना जून-जुलैमध्ये भंवरकुआं भागात क्लासेससाठी येणारी मुलं घेतात. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा आणि अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या) रात्री राजवाड्याच्या बाजूने कोणाला बोलावू नका. तो अडकून पडेल आणि तुम्ही उगाच वाट पाहाल.

मेसेज आणि उत्तरं

पहिला मेसेज बहुधा ‘भिया, लास्ट कितना?’ असाच असतो. मराठी घरातून आला तर ‘काका, शेवटचे किती?’ याला आकडा देऊ नका. वस्तू न पाहता दिलेला ‘शेवटचा’ भाव दारात आल्यावर पहिला ठरतो आणि तिथून पुन्हा उतरायला सुरुवात होते. एकच उत्तर टाइप करून ठेवा: ‘दाम विज्ञापन में लिखा है, थोड़ी बात सामान देखकर हो जाएगी। कब आ सकते हैं, किस इलाके से, और गाड़ी किसकी रहेगी?’ घ्यायचं असणारा माणूस तिन्हींचं उत्तर देतो. जो यावर पुन्हा ‘फिर भी कितना?’ विचारतो, त्याच्यावर वेळ घालवू नका.

रोज नव्या नावाने तोच भाव सांगणारे, वस्तूत रस न दाखवता थेट ‘अभी कैश दूँगा, इतने में दे दो’ म्हणणारे बहुतेक जुन्या सामानाचे व्यापारी असतात. त्यांच्यात वाईट काही नाही. घर रिकामं करायची घाई असेल तर सगळं एकदम उचलणारा तोच उपयोगी. फक्त तो पुन्हा विकायला घेतोय हे ओळखून तळाच्या आकड्यावर ठाम राहा.

‘ठेवा माझ्यासाठी, रविवारी येतो’ हा सर्वांत महागडा मेसेज. बयाण्याशिवाय वस्तू राखू नये. किमतीच्या १० टक्के घ्या आणि लगेच लिहून पाठवा: रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत थांबू, नंतर वस्तू पुढच्याला आणि बयाणा परत मिळणार नाही. बयाणा न देणाऱ्याला नाही म्हणू नका, ‘तोवर राहिलं तर तुमचं’ एवढंच कळवा. कोणाला वेळ दिलीच तर निघण्याच्या तासभर आधी फोन करायला सांगा. फोन आला नाही तर तो येत नाही असं धरून पुढच्याला बोलवा.

ओळखीतला व्यवहार सर्वांत अवघड. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की ‘आपलेच आहात, पैसे एक तारखेला देतो’ म्हणणारे भेटतात, आणि तिथे जीभ रेटत नाही. द्यायची इच्छा असेल तर भाव कमी करा, पण उधारी ठेवू नका. ‘घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय, पैसे आले की वस्तू न्यायची’ एवढं सौम्यपणे सांगितलं तर कोणी दुखावत नाही.

दाखवायची तयारी

फ्रिज माणूस येण्याआधी किमान सहा तास चालू ठेवा, फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी ठेवा. बर्फ दिसला की बोलणं निम्मं संपतं. वॉशिंग मशीनला नळ जोडून स्पिनपर्यंत चालवून दाखवा. कूलरचा पंप पाणी भरून दाखवा. इन्व्हर्टर दाखवायचा तर मेन स्विच बंद करून एक पंखा आणि दोन दिवे अर्धा तास चालवा, गप्पा मारेपर्यंत तो वेळ जातो.

एसी काढायला तंत्रज्ञच हवा. पाइप सोडण्याआधी तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो: एसी चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद, थोड्या वेळाने जाड पाइपचा, मग मशीन बंद. हे न करता पाइप उघडले तर गॅस उडून जातो आणि नव्या घरी ‘थंडच होत नाही’ म्हणून फोन येतो. काढण्याचा खर्च कोणाचा, तांब्याचा पाइप सोबत जाणार की नाही, हे भाव ठरतानाच बोला.

विकला गेलेला फ्रिज न्यायच्या आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळवा, आतून पुसा आणि उभाच न्यायला सांगा. आडवा नेला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं. तशात लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो. ‘घरी पोचल्यावर किमान चार तास उभा ठेवून मगच चालू करा’ हा मेसेज निघण्याआधी पाठवा, तोंडी सांगितलेलं त्या गडबडीत कोणी ऐकत नाही. फ्रंट लोड मशीनच्या ड्रमला नवी असताना मागे वाहतुकीचे बोल्ट होते. ते जपून ठेवले असतील तर परत बसवा, आणि खालच्या फिल्टरमधलं पाणी आधी काढा. जुलै-ऑगस्टमध्ये गादी जाणार असेल तर ताडपत्री कोण आणणार तेही ठरवा.

टेम्पो भरल्यावरची घासाघीस हा जुना डाव आहे. सामान चढलं, मजूर थांबलेत, आणि मग ‘पाचशे कमी आहेत’. वस्तू उंबऱ्याबाहेर जाण्याआधी पूर्ण रक्कम घ्या, मगच मजुरांना सामानाला हात लावू द्या. घरी एकट्याने व्यवहार करू नका, शेजाऱ्याला बोलावून ठेवा, वेळ दिवसाची द्या. छोटी वस्तू सोसायटीच्या गेटवरच द्यावी.

पैसे

यूपीआयने पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही आणि समोरच्याचा क्यूआर कधीच स्कॅन करायचा नसतो. स्कॅन केलं की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. व्यक्तीने व्यक्तीला पैसे मागणारी रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे आता भामटे क्यूआर, लिंक किंवा तुमची स्क्रीन त्यांना दाखवणारं अ‍ॅप पुढे करतात. ‘मैं फौज में हूँ, पोस्टिंग हो गई है, आदमी सामान ले जाएगा, पेमेंट ऑनलाइन’ ही बतावणी देशभर चालते, आणि महूची छावणी जवळ असल्यामुळे इंदुरात ती सहज खरी वाटते. ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी विश्वास ठेवू नका. वस्तू न पाहता, भाव न करता पूर्ण पैसे द्यायला निघालेला माणूस हीच धोक्याची खूण. मोबाइलवर आलेला सहा अंकी कोडही कोणाला सांगू नका, त्याने व्हॉट्सअ‍ॅप हातातून जातं.

स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही बनावट असू शकतात. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसली तरच पैसे आले. ‘पेंडिंग’ असेल तर सामान घरातच राहील. नवा फोन घेतलेल्या किंवा नुकतंच यूपीआय सुरू केलेल्या गिऱ्हाइकाला पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, म्हणून मोठ्या वस्तूसाठी रोख आणायला आधीच सांगा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले गेले तरच परत मिळायची आशा असते.

पैसे मिळाले की साध्या कागदावर तारीख, वस्तू, सीरियल क्रमांक, रक्कम आणि ‘चालवून पाहिली, आहे तशी घेतली’ एवढं लिहून दोघांनी सह्या करा आणि कागदाचा फोटो एकमेकांना पाठवा. दोन दिवसांनी ‘आवाज येतोय’ म्हणून फोन आला तर भांडू नका, आधी फ्रिज सपाट जागी आहे का, भिंतीपासून चार-सहा इंच लांब आहे का ते विचारा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. अँड्रॉइड मोबाइल असेल तर आधी त्यातलं गूगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमाने केलं तर फोन नव्या माणसाच्या हातात कुलूपबंद होऊ शकतो आणि मग तो रात्री अकराला तुम्हाला पासवर्ड विचारतो.

आठवडाभर कोणीच आलं नाही तर भाव १० टक्के उतरवून नव्या फोटोंसह जाहिरात पुन्हा टाका. दुसऱ्या आठवड्यातही तेच झालं तर एक्सचेंज किंवा कबाडी. बंद पडलेला टीव्ही, मिक्सर, चार्जर कचऱ्याच्या गाडीत देताना इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यातच टाका. घरगुती गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर मात्र जाहिरातीत घालू नका. ते कंपनीचे असतात, ते विकणं बेकायदा आहे. कनेक्शनचे कागद घेऊन एजन्सीत परत करा, अनामत रक्कम तिथे मिळते.