लेस्टर सोडून दोर्दोन्यला येताय? घर चालवायचं कसं ते ऐका

गेल्या दोन महिन्यांत इंग्लंडातल्या तीन मराठी घरांतून तोच फोन आला, काकू आम्ही पण तिकडे फ्रान्सला खेड्यात घर बघतोय, काय काय लागतं. प्रत्येकाला दीड दीड तास सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आम्ही आलो 2016 ला, ब्रेक्झिटचं मतदान झालं त्याच उन्हाळ्यात, लेस्टरचं सेमी-डिटॅच्ड विकून इथे दोर्दोन्य जिल्ह्यात, रिबेराक गावाच्या जवळ एका वाडीत. वाडी म्हणजे पाच घरं, त्यातली दोन बंद. आमची राहायची कागदं तेव्हाच मार्गी लागली. तुमचं तसं नाही, 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटिश पासपोर्टवर 180 दिवसांत 90 च दिवस, त्याहून जास्त राहायचं तर लाँग स्टे व्हिसा काढून यायचं आणि आल्यावर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा. ते सगळं जाणकाराला विचारा, मी फक्त घराचं सांगते.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे घर म्हणजे लेस्टरचं घर नाही, जिथे बटण दाबलं की गरम पाणी आणि फ्लश केलं की विषय संपला. हे आपलं आजोळचं घर आहे. पाणी, लाकूड, गॅस, मैला, सगळ्यावर आपलंच लक्ष लागतं. मिरजेला आजी उठल्या उठल्या आधी पाण्याचं बघायची, मग चूल, मग बाकी जग. आमच्या आधी आलेले इंग्रज शेजारी पहिल्या हिवाळ्यात रडकुंडीला आले होते, आम्ही कमी रडलो, त्याचं कारण तेवढंच.

तर पहिलं संडासाचं. खेड्यात ड्रेनेज लाइन बहुतेक नसतेच, प्रत्येकाची स्वतःची सेप्टिक टँक, इथे तिला फोस म्हणतात. तिची तपासणी करणारं सरकारी खातं म्हणजे स्पांक. घर घेताना विकणाऱ्याने त्यांचा रिपोर्ट द्यायचाच असतो आणि तो तीन वर्षांपेक्षा जुना चालत नाही. रिपोर्टात टँक नियमात बसत नाही असं आलं तर सही झाल्यावर एका वर्षात ती दुरुस्त करायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. आणि नवीन टँक म्हणजे हजारोंचा खर्च, त्यामुळे घासाघीस करायची ती सही करायच्या आधी. आमच्या ओळखीतल्या एकांनी बागेतली गुलाबं बघून घर घेतलं आणि रिपोर्ट नंतर सावकाश वाचला. असो.

टँकमधले जंतू हे आपलं घरचं विरजण समजा. ते जिवंत ठेवायचं. बाटली बाटली ब्लीच ओतायचं नाही, वाइप्स टाकायचे नाहीत, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी नाही. गाळ टाकीच्या निम्म्यापर्यंत आला की उपसायचा, साधारण चार वर्षांनी वेळ येते, आणि उपसणारा परवानावाला हवा, तो जी पावती देतो ती जपून ठेवा, स्पांकवाले मागतात.

आता खास आपल्या लोकांसाठी. किचनच्या सिंकमधून पाणी टाकीकडे जातं त्याच्या मधे बऱ्याच घरांत एक छोटी टाकी असते, बाक आ ग्रेस, तेल-तूप अडवणारी. आम्हाला ती आहे हेच माहीत नव्हतं, झाकणावर लॅव्हेंडर वाढलेलं. दुसऱ्या दिवाळीला हौसेने बाराजणांचा फराळ केला, चकल्या, शेव, करंज्या, सगळं तळणीचं, आणि कढया गरम पाण्याने सिंकमध्येच धुतल्या. भाऊबीजेच्या सकाळी सिंकमधून पाणी वर यायला लागलं. आमच्या ह्यांनी शोधत शोधत ते झाकण उचललं तर आत वनस्पती तुपाच्या डब्यासारखा पांढरा थर, वीतभर जाड, आणि वास असा की शेजारचं कुत्रं पण मागे सरकलं. नवा शर्ट घातलेला माणूस, अभ्यंगस्नान होऊन तीन दिवस झालेले, जुन्या डावाने तो थर काढून बादलीत भरतोय आणि मला म्हणतोय पुढच्या वर्षी चितळ्यांकडून मागव. तेव्हापासून कढई आधी कागदाने पुसायची मग धुवायची, तळलेलं तेल थंड करून बाटलीत भरायचं आणि देशेतरीत द्यायचं, आणि ती छोटी टाकी दर दोन-तीन महिन्यांनी बघायची. देशेतरी म्हणजे कचरा-भंगार नेऊन द्यायची जागा, तिथे तेल, बॅटऱ्या, जुनी गादी, झाडाच्या फांद्या, सगळ्याला वेगळा डबा. फांद्या अंगणात जाळायच्या नाहीत हं, बंदी आहे, इंग्लंडची बॉनफायर विसरा.

गॅस. पाइपचा गॅस खेड्यात विसराच, सिलिंडर आहे, आणि खरं सांगते पहिला सिलिंडर घरात आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं. आपला भारतातला 14.2 किलोचा, इथला 13 चा. पेट्रोल पंपावर किंवा सुपरमार्केटच्या बाहेर पिंजऱ्यात असतात, पहिल्यांदा डिपॉझिट भरायचं, त्याला कोन्सिन्य म्हणतात, त्याचा कागद हरवू नका, आणि रिकामा देऊन भरलेला घ्यायचा तो त्याच कंपनीचा. ब्यूटेन आणि प्रोपेन असे दोन प्रकार. आम्ही पहिल्या वर्षी ब्यूटेन बाहेर पडवीत ठेवला, जागा वाचते म्हणून, जानेवारीत पहाटे चहाला गॅस लावला तर ज्योत मेणबत्तीएवढी आणि मग तीही गेली, सिलिंडर हलवून बघितला तर निम्मा भरलेला. ब्यूटेन शून्याच्या आसपास गॅस व्हायचाच थांबतो. म्हणून ब्यूटेन घरात, प्रोपेन बाहेर, 13 किलोचा प्रोपेन घरात ठेवायचाच नाही. नट उलटा फिरतो, डावीकडे घट्ट होतो, जोर लावायच्या आधी हे आठवा. आणि रबरी नळीवर तारीख छापलेली असते ती बघा, जुन्या घरात हमखास संपून गेलेली असते.

विजेचं लोक फार दुर्लक्ष करतात. इथे तुम्ही किती पॉवर घेता ते काँट्रॅक्टमध्ये ठरतं, 3, 6, 9, 12 केव्हीए असं. जुना मालक एकटा म्हातारा असेल तर 3 किंवा 6 वर असतो. तुम्ही येता, इंग्लंडहून आणलेली 3 किलोवॅटची किटली लावता, ओव्हन चालू, वॉशिंग मशीन चालू, आणि अंधार. फ्यूज गेला नाही, मीटरनेच बंद केलं. तो हिरवट पिवळा लिंकी मीटर, त्यावरचं प्लसचं बटण दाबून धरलं की परत येते, आधी एखादं मशीन मात्र बंद करा. सारखं होत असेल तर वीज कंपनीला सांगून पॉवर वाढवून घ्या, बहुतेक वेळा लांबूनच होतं. रोज आठ तास स्वस्त वीज असा पण एक दर आहे, पूर्वी रात्रीचे तास असायचे, आता काही ठिकाणी दुपारचे पण मिळतात. गरम पाण्याची मोठी टाकी त्याच वेळात तापते, म्हणजे पाहुणे आले आणि चौघांनी लागोपाठ आंघोळ केली तर पाचव्याला गार पाणी, आपला बंब होता तेव्हा काय वेगळं होतं. त्या टाकीखाली एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, महिन्यातून एकदा उघडबंद करा, नाहीतर क्षाराने जाम होतो. आमच्याकडे पाणी चुनखडीचं आहे, पांढरं व्हिनेगर पाच लिटरच्या कॅनने आणते मी.

पाण्यावरून आठवलं. मीटर बहुधा रस्त्याकडेला खड्ड्यात असतो, आल्या आल्या तो शोधा आणि मेन कॉक फिरतो का ते बघा. आम्ही एका जानेवारीत भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो, कॉक बंद केला नाही, बाहेरच्या नळाची जमिनीतली पाइप गारठून फुटली आणि तीन आठवडे पाणी वाहत होतं. बिल बघून मी खुर्चीतच बसले. पण इथे एक चांगला नियम आहे, मीटरनंतरच्या पाइपला गळती असेल तर पाणीवाल्यांनी कळवल्यापासून एका महिन्यात प्लंबरचं दुरुस्तीचं सर्टिफिकेट दिलं की नेहमीच्या वापराच्या दुपटीपेक्षा जास्त बिल लावता येत नाही. फ्लश किंवा वॉशिंग मशीन गळत असेल तर हा नियम लागू नाही, फक्त पाइप. प्लंबरचा तो कागद मागून घ्या, तो आपणहून देत नाही.

लाकूड मे महिन्यात मागवा. ऑक्टोबरमध्ये फोन केला तर ओलं मिळतं, आणि ओलं लाकूड म्हणजे नुसता धूर आणि चिमणीत डांबर. मोजायचं माप स्तेर, म्हणजे एक मीटर लांबीचे ओंडके एक घनमीटर जागेत रचलेले. आता गंमत अशी की तेच ओंडके 50 सेंटीमीटरचे कापले की नीट रचून 0.8 घनमीटरच भरतात, 33 चे कापले तर 0.7 च्या आसपास, कारण मधली पोकळी कमी होते. इंग्रज लोक टेप लावून मोजतात आणि फसवलं म्हणून भांडतात. तसं करू नका, लाकूडवाला एकदा रागावला की परत येत नाही. ओक असेल तर दोन वर्षं वाळलेला घ्या. चिमणी वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या, आणि करणाऱ्याचं सर्टिफिकेट घराच्या इन्शुरन्सच्या फाइलला लावा, आग लागली तर कंपनी पहिलं तेच विचारते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. दुधाच्या झाकणाचे रंग उलटे आहेत, इंग्लंडात निळं म्हणजे फुल फॅट, इथे निळं म्हणजे अर्धं साय काढलेलं, फुल फॅट लाल. मी महिनाभर निळं आणून दही पातळ का लागतंय म्हणून विरजणाला शिव्या घालत होते. लोणी घेताना दू, म्हणजे बिनमिठाचं, लिहिलेलं घ्या, दमी-सेल घेतलं तर मीठ असतं, कढवून खारट तूप होतं आणि पुरणपोळीवर घातल्यावरच कळतं. इंग्लंडहून तुपाचा डबा आणू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला 2021 पासून बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. पोळ्यांना पिठाचे नंबर असतात, टी45 आणि टी55 म्हणजे आपला मैदाच, टी110 घ्या, टी150 ची पोळी जरा चरबरीत होते. मसूर डाळ लांतीय कोराय नावाने कुठल्याही दुकानात, बेसन ऑरगॅनिक दुकानात, ज्वारीचं पीठ तिथेच सोर्गो नावाने. फ्रोमाज ब्लां, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ ताजं चीज, फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की चक्का तयार, आमच्याकडचं श्रीखंड गावात प्रसिद्ध आहे. तूर डाळ मात्र नाही. त्यासाठी पॅरिसला गार द्यू नोर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात जावं लागतं, म्हणजे आमच्यापासून पाचशेएक किलोमीटर, त्यामुळे जो पॅरिसला जाईल त्याला यादी.

कागदांचं एवढंच की वीजबिल नवराबायको दोघांच्या नावावर पहिल्या दिवसापासून करून घ्या. इथे प्रत्येक कामाला पत्त्याचा पुरावा, तीन महिन्यांच्या आतलं बिल, आणि बिलावर नाव नसेल तर बाई त्या घरात राहतच नाही असं धरतात. आणि बायकांनो, इथे सगळीकडे माहेरचं आडनाव चालतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली माझ्या, ते आडनाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं होतं, आणि डॉक्टरकडे बसले असताना नर्सने माझ्या वडिलांच्या आडनावाने हाक मारली तर मी कोणाला बोलावताहेत म्हणून इकडे तिकडे बघत बसले.

माणसांचं सोपं आहे. दुकानात, पोस्टात, मेरीत, म्हणजे गावच्या पंचायतीत, आधी बोंजूर मग काम. बोंजूर न म्हणता सरळ प्रश्न विचारला की तुमची फाइल सगळ्यात खाली जाते. तुम्ही आणि तू मधला फरक इंग्रजांना दहा वर्षांत जमत नाही, आपल्याला आईच्या दुधातून मिळालाय, व्हू म्हणजे तुम्ही, त्यू म्हणजे तू, आणि तू कधी सुरू करायचं ते मोठ्या माणसाने सुचवायचं, अगदी आपल्यासारखंच. आल्या आठवड्यात मेयरना भेटून या. दुपारी बारा ते दोन कोणाचा दरवाजा वाजवू नका, रविवारी दुपारी गवत कापायचं मशीन चालवू नका. डिसेंबरात फायर ब्रिगेडवाले आणि पोस्टमन कॅलेंडर घेऊन येतात, ते फुकट नसतं, पाकीट तयार ठेवा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा मोसम, रानात फिरायला जाताना भडक रंगाचं जॅकेट घाला, मी तर दसऱ्याची केशरी ओढणी बांधते.

आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजला तर घाबरू नका, टेस्टिंग असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गॅस बंद करून, हातात लाटणं तसंच, अंगणात धावत आले, तर समोरचे आजोबा ट्रॅक्टरवरून खाली वाकून म्हणाले, बोंजूर मादाम, जेवण झालं का?