राउटिंग कॉपी केलंत, अ‍ॅलोकेशनचं काय?

सॅप या कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सीए01 हा स्क्रीन उघडून ‘कॉपी फ्रॉम’ने जुन्या मटेरियलचं राउटिंग, म्हणजे ते बनवायच्या ऑपरेशनांची क्रमवार यादी, नव्यावर आणणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. ऑपरेशनं, वर्क सेंटर (कामाची जागा किंवा मशीन), कंट्रोल की (ऑपरेशन कसं हाताळायचं ते सांगणारा कोड), स्टँडर्ड व्हॅल्यू (ठरलेल्या वेळा) सगळं येतं. येत नाही ते कॉम्पोनंट अ‍ॅलोकेशन, म्हणजे कोणता पार्ट कोणत्या ऑपरेशनला लागतो ती जोडणी, आणि सिस्टीम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

अ‍ॅलोकेशन पीएलएमझेड टेबलात असतं. तिथे पार्ट कोडवर नाही, बीओएमचा (मटेरियलला लागणाऱ्या पार्टांच्या यादीचा) अंतर्गत नंबर आणि त्यातल्या आयटमचा नोड (ओळीचा अंतर्गत क्रमांक) यांवर जोडणी असते. नव्या मटेरियलची बीओएम वेगळी, म्हणून जुनी जोडणी तिथे लागूच पडत नाही. मग ज्या कॉम्पोनंटला ऑपरेशन दिलेलं नाही, तो प्रॉडक्शन ऑर्डरमध्ये मुकाट्याने पहिल्या ऑपरेशनला जाऊन बसतो. ‘सिस्टीम आपोआप लावते, टेन्शन नको’ म्हणणारे सीनियर याचंच कौतुक करत असतात. त्यांचं ऐकू नका.

पंपाचं राउटिंग घ्या: 10 केसिंग मशिनिंग, 20 इम्पेलर बॅलन्सिंग, 30 असेंब्ली, 40 हायड्रो टेस्ट, 50 पेंटिंग, 60 पॅकिंग. ऑर्डर 25 नगांची. पार्टांच्या मटेरियल मास्टरमध्ये (मूळ नोंदीत) बॅकफ्लश 1 असेल, म्हणजे ऑपरेशन कन्फर्म होताच माल स्टॉकमधून आपोआप वजा व्हायचा असेल, तर ऑपरेशन 10 कन्फर्म करताच सील, बेअरिंग, रंग, लाकडी खोकी, सगळा 25 पंपांचा माल वजा. स्टॉक नसेल तर कोगीमध्ये (अडकलेल्या माल-नोंदींच्या यादीत) एररची रांग. गरजेची तारीखही 10 च्या सुरुवातीची पडते, म्हणजे खोकी पॅकिंगच्या कितीतरी आधी मागवली जातात. उलट बॅकफ्लशची टिक फक्त राउटिंगच्या अ‍ॅलोकेशनमध्ये असेल, तर कॉपीत तीही गळून पडते. मग माल वजाच होत नाही. रॅक रिकामा आणि सिस्टीममध्ये स्टॉक भरलेला.

कॉस्टिंगवर विसंबू नका. अ‍ॅलोकेशन चुकलं तरी एरवी मटेरियलचा एकूण खर्च तोच येतो, त्यामुळे तिथे हे सापडत नाही.

घाबरण्यासारखं मात्र काही नाही, क्रम पाळला की झालं. आधी बीओएम पूर्ण करा. राउटिंग कॉपी करताना स्टेटस 1 (नुसतं तयार केलेलं) ठेवा, थेट 4 (वापरासाठी रिलीज) नको. सीए02 मध्ये (राउटिंग बदलायचा स्क्रीन) कॉम्पोनंट अ‍ॅलोकेशन उघडा; ज्या ओळीत ऑपरेशनचा रकाना रिकामा, ती राहिलेली. ओळी निवडून ‘न्यू असाइनमेंट’, ऑपरेशन नंबर, हवी तिथे बॅकफ्लशची टिक. मग स्टेटस 4, सी223 मध्ये प्रॉडक्शन व्हर्जन (कोणती बीओएम कोणत्या राउटिंगबरोबर वापरायची ती जोडी), आणि टेस्ट क्लायंटमध्ये एका नगाची ऑर्डर काढून कॉम्पोनंट ओव्हरव्ह्यू बघा. सगळ्यांसमोर 0010 दिसलं तर अ‍ॅलोकेशन झालेलंच नाही.

कॉपीऐवजी नवं मटेरियल जुन्याच ग्रुप काउंटरला, म्हणजे त्याच राउटिंगला, जोडायचा शॉर्टकट प्रक्रिया अगदी एक असेल तरच वापरा. तिथे एकासाठी ऑपरेशनची वेळ बदलली की दुसऱ्याचीही बदलते, आणि अ‍ॅलोकेशन तरीही वेगळं करावंच लागतं. पुढे बीओएममध्ये नवा आयटम घातलात तर तोही 10 वरच जातो. आधी काढलेल्या ऑर्डरी मात्र राउटिंग सुधारलं तरी आपणहून सुधारत नाहीत, त्या सीओ02 मध्ये (ऑर्डर बदलायचा स्क्रीन) एकेक तपासाव्या लागतात.