लाल रंग पसरायच्या आधी व्हिडीओ थांबवा

जुन्या साम्राज्यांचा इतिहास व्हिडीओ लावून कसा शिकवायचा ते सांगतो. प्रोजेक्टर, स्पीकर, पेनड्राईव्हवर आधीच उतरवून घेतलेला व्हिडीओ, खिडकीला लावायला एखादी जुनी चादर, एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात करंट आणि नेट दोन्ही एकदमच जातात. 'थेट नेटवरूनच चालवा' असा सल्ला देणाऱ्यांना एकदा जुलैमध्ये तिकडच्या शाळेत तास घ्यायला लावावा. बेळगाव भागातल्या मराठी शाळांत मी वीसेक वर्षं इतिहास शिकवतोय. व्हिडीओ लावला की अलेक्झांडर, दरायस, अशोक, पुलकेशी मुलांच्या डोक्यात आपोआप उतरतात असं सांगणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मुलांना काही विचारून बघितलेलं नसतं.

व्हिडीओ निवडणे

दहा मिनिटांच्या आतला घ्या, आणि त्यात नकाशा हवाच. चित्रं कितपत अभ्यासून काढली आहेत ते ओळखायची माझी एक खूण आहे: अलेक्झांडरच्या घोडेस्वारांचे पाय रिकिबीत दिसले तर तो व्हिडीओ घाईत केलेला आहे. ग्रीकांकडे रिकीब नव्हतीच, मांड घट्ट आवळूनच ते लढायचे. तसा व्हिडीओ टाकून द्यायचं कारण नाही. चूक मुलांनाच शोधायला लावा, पाच मिनिटं मजेत जातात.

आवाज बंद करा

बहुतेक व्हिडीओ हिंदीत नाहीतर इंग्रजीत, आमची मुलं घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी. निवेदक एका दमात बारा नावं घेतो. एका वर्षी उत्तरपत्रिकेत मला 'सिकंदराने अलेक्झांडरचा पराभव केला' असं वाक्य मिळालं, तेही तिघांच्या. तेव्हापासून आवाज बंद ठेवतो आणि निवेदन स्वतः करतो. फळ्याच्या कोपऱ्यात नावांच्या जोड्या आधी लिहून ठेवायच्या: अलेक्झांडर म्हणजे सिकंदर. आपल्या पुस्तकातला दुसरा पुलकेशी म्हणजे कन्नडच्या तासाला भेटणारा इम्मडी पुलिकेशी. हे दोघे एकच, हे आठवीतल्या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नकाशा: घोडं इथंच अडतं

पहिली काही वर्षं मीही चाळीस मिनिटांचा व्हिडीओ अंधारात सलग दाखवायचो. वर्ग चिडीचूप. मी खूश. एकदा दुसऱ्या दिवशी विचारलं, 'अलेक्झांडरनं इराण जिंकलं म्हणजे नेमकं काय केलं?' मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून फळ्याशी आला. लाल खडूचा तुकडा घेतला, आडवा धरला, आणि डावीकडून उजवीकडे हातभर घासत नेला. 'असं केलं की, सर.' वर्ग हसला, मी त्याला झापलं. घरी जाताना मोटारसायकलवर डोक्यात आलं, पोरगं बरोबर बोललं होतं. आदल्या दिवशी मी तेच तर दाखवलं होतं: मॅसिडोनियातून निघालेला लाल रंग बारा-पंधरा सेकंदांत पंजाबपर्यंत येतो. वाटेत माणूस नाही, पोतं नाही, नदी नाही.

तेव्हा नियम असा: रंग पसरायच्या आधी पॉज करा. पसरून झाल्यावर थांबवून समजावू म्हणाल तर उशीर झालेला असतो. चित्र एकदा डोळ्यांत बसलं की तुम्ही वर कितीही बोला, परीक्षेत रंगच उतरतो. हे मी तीन वर्षं उलट करून बघितलंय, तुम्ही बघू नका.

थांबल्यावर आधी दोन सनावळ्या फळ्यावर: इ.स.पू. ३३४ मध्ये तो आशियात उतरला, इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोहोचला. आठ वर्षं. मग अंतर पायांनी मोजायला लावा. सैन्याची रोजची चाल २५ किलोमीटरच्या आसपास धरायची, म्हणजे बेळगाव ते खानापूर. निपाणी गाठायला तीन दिवस. किलोमीटरचे आकडे मुलांना कळत नाहीत, खानापूरची एसटी कळते. वर्गात कुणाचे ना कुणाचे आजोबा दिंडीतून पंढरपूरला चालत गेलेले असतातच. ते कुठं झोपायचे, जेवण कोण द्यायचं, पायाला फोड आले की काय करायचे, हे त्या मुलाला उभं करून विचारा.

मग हिशोब. अलेक्झांडरबरोबर चाळीसेक हजार सैनिक होते. माणशी रोज १ किलो धान्य धरलं तर रोजचे ४० टन. दहा टनांचा एक, असे चार ट्रक, तेही घोड्यांचा चारा सोडून. 'हे धान्य कोण देणार?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. कुणीतरी हळूच म्हणतं, 'वाटेतली गावं.' बरोबर. आता लाल रंगाला सुरुवात करा, पण मधे मधे बोट ठेवून अडवा. टायर शहरापाशी थांबा: इ.स.पू. ३३२ मध्ये त्या एका शहरासाठी सात महिने वेढा पडला होता, व्हिडीओतला रंग तिथं पापणी लवण्याइतकाही थांबत नाही. बियास नदीपाशी थांबा: सैन्यानंच पुढं यायला नकार दिला. मगधाची वाट तिथंच बंद झाली.

हमखास एक हात वर येतो: 'सर, पोरसनंच त्याला हरवलं म्हणे. मोबाईलवर आलंय.' रागावू नका आणि वादातही पडू नका. जे आहे ते सांगा: आपल्याकडच्या त्या काळातल्या एकाही ग्रंथात अलेक्झांडरचा उल्लेख नाही. जी वर्णनं हाती आहेत ती ग्रीक-रोमन लेखकांची, आणि तीही बहुतेक काही शतकांनंतरची. त्यांच्या मते झेलमकाठची पोरसशी झालेली लढाई अलेक्झांडरनं जिंकली आणि पोरसचं राज्य त्यालाच परत देऊन वर आणखी मुलूख जोडून दिला. मग प्रश्न टाका: जिंकलेलं राज्य परत का द्यायचं? 'पोरस शूर होता म्हणून' हे उत्तर येणारच, ते ऐकून घ्या. पण महसूल गोळा करायला आणि मागं शांतता राखायला तिथलाच माणूस लागतो, हे उत्तर येईपर्यंत पुढं जाऊ नका. लाल रंग टिकवायचं काम तिथं सुरू होतं.

ही व्यवस्था अलेक्झांडरला आयती मिळाली होती. इराणी सम्राटांनी प्रांतांवर क्षत्रप नेमले होते आणि सार्डिसपासून सुसापर्यंत सुमारे २,५०० किलोमीटरचा राजरस्ता चालता ठेवला होता. हेरोडोटस हे अंतर पायी ९० दिवसांचं सांगतो. खानापूरचा हिशोब पक्का झालेला असला तर मुलं स्वतःच भागाकार करून '२५ च्या जवळच आलं की' म्हणतात. त्यांच्यातल्याच दरायसनं इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम तीन भाषांत कोरला: जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी. पाटी कुठल्या भाषेत लावायची हा प्रश्न राज्यकर्त्याला का पडतो, ते पुण्या-मुंबईच्या मुलांना समजावावं लागत असेल. आमच्याकडे लागत नाही.

इथंच एक धोका आहे, तो मी स्वतः ओढवून घेतलाय. नकाशावरचा रंग बदलतो म्हणजे काय, हे सांगायला माझ्याकडे हुकमी उदाहरण होतं: आजी. ती लहान असताना बेळगाव मुंबई राज्यात, १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. आजीचं घर, परसातली विहीर, चिंचेचं झाड जागच्या जागी. उदाहरण चोख आहे. पण मी ते प्रश्न म्हणून वर्गापुढं टाकलं आणि घंटा होईपर्यंत सीमाप्रश्नावर जुंपली. अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये वारला की नाही हे कुणाला ठाऊकही नाही. त्यामुळे आजीला दोन वाक्यांत आणा, 'राज्य बदललं तेव्हा आजीच्या रोजच्या कामात काय बदललं ते घरी विचारून या' एवढं सांगा आणि लगेच व्हिडीओ पुढं चालू करा. मला मत नाही असं नव्हे, पण ते अलेक्झांडरच्या तासाला नको.

अशोक असेल तर

कलिंगच्या रणांगणावर मान खाली घालून उभा असलेला अशोक प्रत्येक व्हिडीओत असतो. तिथं पॉज करून तेराव्या शिलालेखातले आकडे सांगा: एक लाख मारले गेले, दीड लाख लोकांना पकडून नेलं. आणि कुठलाच व्हिडीओ सांगत नाही ती गोष्ट सांगा: खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडच्या खडकांवर, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्याऐवजी तिथं वेगळे लेख आहेत. पश्चात्ताप बाकी साम्राज्यानं वाचला, ज्यांच्यावर ते युद्ध ओढवलं त्यांच्यापुढं तो मांडलाच नाही. का, हे मुलांना वहीत लिहू द्या. माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या वह्या याच प्रश्नाच्या आहेत.

जवळचा पुरावा

एकच पुरेसा, जास्त दाखवलेत तर सहल होते. अशोक शिकवत असाल तर रायचूर जिल्ह्यातला मस्की, कारण तिथल्या लेखात 'देवानांपिय' या पदवीबरोबर अशोक हे नावही आहे. रोमसाठी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती: रोमचं सैन्य इकडं कधी आलं नाही, त्यांचा समुद्रदेव मात्र व्यापाराबरोबर पंचगंगेकाठी पोहोचला. पुलकेशीसाठी ऐहोळेचा इ.स. ६३४ चा लेख. त्यात ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख येतो, आणि पुलकेशीनं हरवलेल्या सम्राट हर्षावर केलेला श्लेषही: 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः', म्हणजे भीतीनं हर्षाचाच हर्ष गळाला. हा शब्दखेळ मुलांना लगेच आवडतो. मग विचारा, हे लिहिणारा रविकीर्ती कुणाच्या पदरी होता? नव्या व्हिडीओतल्या 'महान जगज्जेता'कडंही मुलं त्यानंतर जरा तिरकं बघायला लागतात.

शेवटची दहा मिनिटं

तोच व्हिडीओ पुन्हा लावा, आवाज बंदच, पण या वेळी रिमोट मुलांकडे द्या. ज्याला जिथं शंका येईल त्यानं थांबवायचं आणि कारण सांगायचं. टायरला थांबवतात, बियासला थांबवतात. मागच्या वर्षी एका मुलीनं अगदी शेवटी थांबवलं. अलेक्झांडर मकरानच्या वाळवंटातून परत फिरला होता आणि पंजाब पडद्यावर अजून लालच होता. 'सर, मी बघितलो की. तो गेला, खरं रंग तसाच हाय.' (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', आणि मुलीही 'बघितलो'च म्हणतात.) घंटा झाली होती. मी पडद्यावर ते चित्र तसंच ठेवलं, तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि 'पुसू नका' म्हणून खाली रेघ मारली. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांचा तास दुसऱ्या दिवशी त्या वाक्यापासून सुरू केला. तुमच्या वर्गात असं वाक्य आलं तर पुढचा व्हिडीओ शोधायच्या आधी ते फळ्यावर उतरवून घ्या.