संथ उडणाऱ्या छोट्या ग्लायडरसाठी पंखाचा छेद कसा ठरवावा

माझ्या पहिल्या फोमच्या ग्लायडरला मी खऱ्या विमानासारखा पंख दिला होता. पुढून गोल, वरून फुगीर, मागे निमुळता, जाडी कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या, १२ टक्के. दोन संध्याकाळी पॉलिश पेपरने घासून तो आरशासारखा गुळगुळीत केला. हातातून सुटला की मात्र तो उतरंडीला लागल्यासारखा खाली यायचा. शेवटी वैतागून त्याच धडाला नुसती वाकवलेली फोमची पट्टी बांधली, तर ती सहज पुढे निघून गेली. घासण्यात माझी काही चूक नव्हती. तो आकार त्या वेगाचा नव्हता, एवढंच.

म्हणून छेद, म्हणजे पंख पुढून मागे कापल्यावर दिसणारा आकार, निवडण्याआधी, कागदावर एकही रेघ मारण्याआधी, वेग काढायचा.

१. ग्लायडर किती वेगाने उडणार आहे ते काढा

यासाठी मॉडेल उडवायची गरज नाही. तयार मॉडेलचं अंदाजे वजन किलोग्रॅममध्ये घ्या आणि पंखाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे चौरस मीटरने, भागा. येणाऱ्या आकड्याला लिफ्टच्या, म्हणजे पंखाच्या उचलीच्या, गुणांकाने भागा (आरामात तरंगणाऱ्या ग्लायडरसाठी ०.६ धरा), वर्गमूळ काढा आणि ४ ने गुणा. हा झाला मीटर प्रति सेकंदातला वेग. ते ४ कुठून आले? गुरुत्वाकर्षण आणि समुद्रसपाटीवरच्या हवेची घनता, १.२२५ किलो प्रति घनमीटर, सूत्रात घातली की वर्गमुळाखाली १६ उरतात. योगायोग आहे, पण सोयीचा.

उदाहरण घेऊ. पंख ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद. क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर, वजन ६० ग्रॅम. भागाकार बरोबर १ येतो. १ भागिले ०.६ म्हणजे १.६७, त्याचं वर्गमूळ १.२९, गुणिले ४. वेग सुमारे ५.२ मीटर प्रति सेकंद.

२. रेनॉल्ड्स नंबर काढा

वेग × कॉर्ड (सेंमीमध्ये) × ६८०. आपल्या ग्लायडरसाठी ५.२ × १० × ६८०, म्हणजे साधारण ३५,०००. प्रवासी जेटच्या पंखाचा हाच आकडा कोटींच्या घरात जातो.

हा आकडा हवेचा नेटाने पुढे जाण्याचा जोर आणि तिचा चिकटपणा यांचं गुणोत्तर सांगतो. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवलं, की प्रवाह एका मर्यादेपर्यंत शिस्तीत चालतो आणि पुढे विस्कटतो. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं, म्हणजे सीमास्तराचं, असंच आहे. मोठ्या विमानावर हा थर लवकर विस्कटतो. आपल्या वेगाला तो बराच काळ शिस्तीतच राहतो.

शिस्त चांगलीच असायला हवी ना? इथेच बहुतेकांची गल्लत होते. फुगवटा ओलांडला की हवेला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं, म्हणजे एक प्रकारे चढ चढावा लागतो. शिस्तीतल्या थराच्या तळाला तेवढी ताकद नसते. तो थकतो आणि पृष्ठभाग सोडतो. विस्कटलेला थर मात्र वरच्या वेगवान हवेला खाली ओढून घेतो, त्याला दम मिळत राहतो आणि तो चिकटून राहतो. नशीब चांगलं असेल तर सुटलेला थर हवेतच विस्कटतो आणि परत येऊन चिकटतो. मध्ये हवेचा एक बुडबुडा अडकतो. नशीब नसेल तर तो परत येतच नाही. मग पंख आहे तो कोन धरून उडतो, पण लिफ्ट निम्मी आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, भरमसाट. माझ्या गुळगुळीत पंखाचं हेच झालं होतं.

३. आकड्यावरून आकार निवडा

लाखाच्या बराच वर असाल तर चिंता नको. क्लार्क-वाय हा जुना प्रचलित छेद किंवा कमी वेगासाठी मुद्दाम बेतलेला एसडी-७०३७, दोन्ही चालतील. ५०,००० ते १ लाख हा बेभरवशाचा पट्टा आहे; तिथे जाडी ९ टक्क्यांच्या आत ठेवा. त्याखाली जाड छेद विसरा. वाकवलेली पातळ पट्टी घ्या. एफ. डब्ल्यू. श्मिट्झ या जर्मन संशोधकाने वाऱ्याच्या बोगद्यात मोजून हे कित्येक दशकांपूर्वीच पडताळलं होतं. जाड एन-६० छेद ठरावीक आकड्याखाली कोसळतो, साधी वक्र पट्टी मात्र निमूटपणे काम करत राहते.

संगणकावर तपासायचं असेल तर मार्क ड्रेला यांनी एमआयटीत १९८६ साली लिहिलेला एक्सफॉइल हा प्रोग्राम मोफत मिळतो. ५०,०००च्या खाली त्याचे आकडे दोन छेदांची तुलना करण्यापुरतेच घ्यावेत, असं माझं मत आहे.

आणि एक मोह टाळा. लांब, अरुंद पंख दिसतो छान, पण कॉर्ड कमी केली की रेनॉल्ड्स नंबरही कमी होतो. आपलाच पंख ७ सेंमी कॉर्डचा केला तर आकडा २५,०००च्या खाली येतो. लांबीमुळे कमावलेलं तिथे बरंचसं जातं.

४. पट्टी वाकवा

३ मिमी जाडीची फोमशीट १० सेंमी कॉर्डला ३ टक्के जाडी देते, तेवढी पुरे. बाक ५ टक्के हवा, म्हणजे मध्ये ५ मिमी उंची. पुठ्ठ्यावर २५ सेंमी त्रिज्येचा कंस काढून त्याचा साचा कापा. १० सेंमीच्या जीवेवर बरोबर ५ मिमी फुगवटा मिळतो. शीट जाड पाइपवर हलक्या हाताने मागेपुढे फिरवत साच्याशी जुळवा. पुढचा भाग जरा जास्त वाकवा, सर्वाधिक उंची कॉर्डच्या ४० टक्क्यांवर आली तर उत्तम. फोम रात्रीतून सरळ व्हायला बघतो, म्हणून खालून तीन-चार फासळ्या चिकटवा. पुढची कड गोल गरगरीत करू नका, फक्त धार मारा. बऱ्यापैकी टोकदार कड स्वतःच थर विस्कटवायला मदत करते.

५. दोरा लावून पाहा

थर मुद्दाम विस्कटवण्यासाठी वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून कॉर्डच्या २० टक्क्यांवर, पंखाच्या लांबीभर एक दोरा चिकटवा. जाडी किती? त्या जागी, म्हणजे कडेपासून २ सेंमीवर, सीमास्तर सुमारे १.२ मिमी जाड असतो. केसाएवढा धागा त्याच्या तळाशी बुडून जातो आणि काहीच घडत नाही. ०.५ मिमीपासून सुरुवात करा, १ मिमीपर्यंत जाऊन पाहा. जाड छेदावर याने कायापालट होऊ शकतो. वक्र पट्टीवर फरक कमी पडतो, कधी उलटाही.

६. मोजणी

‘किती लांब गेलं’ यावर विश्वास ठेवू नका. ५.२ ऐवजी ६.५ मीटर प्रति सेकंदाने फेकलंत, तर त्या जादा वेगाची किंमत जवळजवळ ०.८ मीटर उंचीएवढी होते. खांद्याच्या उंचीवरून फेकताना तो अर्ध्याहून अधिक फायदा झाला, आणि तो तुमच्या हाताचा, पंखाचा नव्हे. त्यापेक्षा बंद हॉलमध्ये फोन स्टँडवर लावून बाजूने चित्रण करा. वेग स्थिर झाल्यानंतरचा मधला तुकडा घ्या आणि तेवढ्यात मॉडेल किती पुढे गेलं, किती खाली आलं ते भिंतीवरच्या खुणांवरून मोजा. त्यांचा भागाकार म्हणजेच लिफ्ट आणि ड्रॅगचं गुणोत्तर, अर्थात संपूर्ण मॉडेलचं. दहा फेकी करा आणि आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या.

दोरा लावल्यावर किंवा काढल्यावर नाकातलं वजन पुन्हा जुळवा आणि मगच मोजा. तसं केलं नाही तर फरक दोऱ्यामुळे पडला की ट्रिममुळे, म्हणजे बिघडलेल्या तोलामुळे, हे कळायला काही मार्ग राहत नाही.