सरकारी हमीचे कर्ज घेताना या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडवर नवे यंत्र बसवू पाहणारा कारखानदार असो, की मल्हारगंजात घरच्या घरी पापड-मसाले करून विकणारी गृहिणी असो, सरकारी योजनेतील कर्ज म्हणजे सरकारने दिलेले कर्ज असे दोघेही धरून चालतात आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. पैसा बँकेचा असतो. सरकार बँकेची जोखीम काही अंशी उचलते, एवढेच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ती हमी आपल्या संरक्षणासाठी आहे असे मानणे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जांना हमी देणारा सीजीटीएमएसई हा न्यास केंद्र सरकार आणि सिडबी (लघु उद्योगांसाठीची विकास बँक) यांनी 2000 मध्ये स्थापन केला, आणि 1 एप्रिल 2025 पासून त्याच्या हमीची मर्यादा 10 कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. कर्ज बुडाल्यास न्यास थकीत रकमेचा ठरलेला हिस्सा बँकेला देतो; कर्जदाराची जबाबदारी मात्र तशीच राहते आणि दावा मंजूर झाल्यावरही बँक वसुली थांबवत नाही. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, कर्जफेडीचा इतिहास दाखवणारा सिबिलचा अहवाल बिघडतो आणि पुढची दारे बंद होतात. ‘तारण नाही’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यावा: घर किंवा सोने गहाण ठेवावे लागत नाही, पण कर्जातून घेतलेल्या यंत्रावर आणि मालावर बँकेचा बोजा असतोच. हमीचे वार्षिक शुल्क बहुधा कर्जदाराकडूनच वसूल होते. खात्यातून रक्कम वजा झाल्यावर भांडण्यापेक्षा मंजुरीपत्र घेतानाच ते विचारावे.

अनुदानाबाबतचा गैरसमज याहून चिवट आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) सर्वसाधारण गटातील शहरी अर्जदाराने 10 लाखांचा प्रकल्प मांडला, तर त्याला स्वतःचे 1 लाख घालावे लागतात, उरलेले 9 लाख बँक देते आणि 15 टक्क्यांप्रमाणे दीड लाखाचे अनुदान मिळते. ते हातात येत नाही. तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीच्या रूपाने राहते आणि नंतर कर्जात वळते होते. त्या रकमेतून कच्चा माल घेण्याचा बेत आखणारा पहिल्याच वर्षी अडकतो. शिवाय हे अनुदान नव्या उद्योगासाठी असल्यामुळे आधी दुकान थाटून मग अर्ज करणाऱ्याला ते मिळत नाही. घाई इथे नडते.

चालू व्यवसायासाठी मुद्रा योजना अधिक सोयीची आहे: शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. मात्र सारी रक्कम मुदत कर्ज म्हणून यंत्रात घालू नये. शेवेचे यंत्र आले, पण बेसन आणि तेल घ्यायला पैसे उरले नाहीत, अशी स्थिती येते. म्हणून खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेप्रमाणे काढता-भरता येणाऱ्या कर्जमर्यादेची, मागणी मूळ प्रकल्प अहवालातच करावी.

कागदपत्रांतली एक अडचण खास आपल्या मराठी घरांतली. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर कधी कधी नावही बदलते. मग आधारवर सासरचे, पॅनवर माहेरचे आणि मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवर तिसरेच नाव दिसते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार व पॅनवर आधारलेली असल्यामुळे आधी ही नावे जुळवून घ्यावीत. ही नोंदणी संपूर्ण निःशुल्क आहे. तिच्यासाठी किंवा मुद्रा कर्ज मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला चार हात दूरच ठेवावे.

अर्ज नामंजूर झाला, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कारण लेखी मागावे. जुने थकीत क्रेडिट कार्ड, अवास्तव विक्रीचा अंदाज किंवा जुळत नसलेले जीएसटी विवरण असेल, तर ती त्रुटी दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; मात्र कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलत नाही, त्यामुळे तक्रार दिरंगाईची किंवा चुकीच्या वागणुकीची असावी.