चेअर कारमध्ये लॅपटॉप उघडण्याआधी

पुणे-मुंबई गाडीत ऑफिसचं काम करायचं असेल तर आधी मागे कोण बसतंय ते बघा. दोन सीटांच्या मधल्या फटीतून मागच्याला तुमची एक्सेल शीट आरामात वाचता येते. स्क्रीनवर प्रायव्हसी फिल्टर, म्हणजे तिरकी नजर अडवणारी पातळ फिल्म, लावलात तर शेजारच्यापुरता प्रश्न सुटतो, कारण साधारण ३० अंशांपेक्षा तिरकं पाहणाऱ्याला स्क्रीन काळी दिसते. नेमक्या मागून डोकावणाऱ्याला मात्र सगळं स्वच्छ दिसतं. म्हणून शक्यतो डब्यातली शेवटची, पाठीशी भिंत असलेली सीट घ्या. अंधार पडला की खिडकीची काच आरसा होते. ब्राइटनेस कमी करा आणि स्क्रीन काचेपासून वळवा.

जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करायला विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड, क्यू. लॉक केलेला लॅपटॉपही उचलून नेता येतोच, तेव्हा तो सोबत न्या. चहावाल्याला हाक मारायला दारापर्यंत गेलात तरी!

स्टेशनच्या वायफायऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा, पण त्याच्या नावात कंपनीचं नाव नको. लॉक स्क्रीनवरच्या मेसेजचा मजकूरही लपवा, ओटीपी तिथेच झळकतो.

सगळ्यात जास्त माहिती फुटते ती फोनवर. हेडफोनमुळे फक्त समोरच्याचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. त्यात बोगद्यात रेंज गेली की माणूस हटकून मोठ्याने बोलतो. ग्राहकाचं नाव, रक्कम, पासवर्ड तोंडाने सांगू नका. ‘उतरल्यावर फोन करतो’ म्हणा.