कोल्हापुरात रात्री कुठं जेवायचं? विचारताना या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास माझा फोन हमखास वाजतो. कुणीतरी पुण्याहून, ठाण्याहून किंवा नाशिकहून आलेलं असतं. अंबाबाईचं दर्शन झालेलं असतं, रंकाळ्यावर चक्कर झालेली असते, आणि आता प्रश्न एकच : तांबडा-पांढरा कुठं खायचा? मी शिवाजी पेठेत वाढलो, त्यामुळे हा प्रश्न मला मनापासून आवडतो आणि त्याची जबाबदारीही वाटते. माणूस इतक्या लांबून येतो, त्याला इथं एकच रात्र मिळते. ती एका पाणचट रश्श्यावर जाऊ नये.

पण इतक्या वर्षांत एक गोष्ट नीट लक्षात आली आहे. इथून नाराज होऊन गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी कोल्हापूरकरालाच विचारलेलं असतं. सल्ला देणारा खोटं बोललेला नसतो. विचारलेला प्रश्न चुकलेला असतो, किंवा तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो.

‘सगळ्यात फेमस कुठलं?’

हा प्रश्न विचारूच नका. त्याला उत्तर म्हणून समोरचा माणूस ज्या नावाची पाटी सगळ्यांना माहीत आहे तेच नाव सांगतो. तो स्वतः तिथं गेली चार वर्षं गेलेला नसतो. त्याला वाटतं, पाव्हण्याला हेच हवं असणार.

त्याऐवजी विचारा : ‘तुम्ही घरच्यांना घेऊन शेवटचं कुठं गेला होता? कधी? काय मागवलंत?’ प्रश्न बदलला की उत्तर देणाऱ्याचा चेहराच बदलतो. तो क्षणभर थांबतो, आठवतो. मग ‘आमच्या मेव्हण्याला घेऊन गेलतो की मागच्या बुधवारी, राजारामपुरीत’ असं काहीतरी नेमकं येतं. त्या उत्तरात वार असतो, माणसं असतात, पदार्थ असतो. असाच सल्ला धरून चालावं.

माझीही चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या मावशीकडचे सहा जण नाशिकहून आले. मी जुन्या आठवणीवर एका खानावळीत पाठवलं. कॉलेजच्या दिवसांत तिथला पांढरा रस्सा आम्ही वाटीवर वाटी प्यायचो. दरम्यान तिथला आचारी बदलला होता आणि मला त्याची खबर नव्हती. मावशींनी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं, ‘रस्सा गोडसर होता रे, आणि घट्ट.’ पिठूळ काहीतरी लावून दाटपणा आणलेला होता. तेव्हापासून गेल्या दोन-तीन महिन्यांत जिथं मी स्वतः जेवलो नाही, त्या जागेचं नाव मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही सल्ला देणाऱ्याला ‘शेवटचं कधी?’ हे न लाजता विचारा.

रात्रीचं वेगळं शिजतं का?

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मटण आलं-लसूण-मीठ घालून शिजवलं की जो अर्क पाण्यात उतरतो, त्याला आमच्याकडे आळणी म्हणतात. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से ह्याच एका आळणीतून निघतात. एका बाजूला त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, थोडे काजू यांचं वाटण आणि तुपात परतलेला खडा मसाला पडतो, तो पांढरा. दुसऱ्या बाजूला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी पडते, तो तांबडा. (चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून डंकावर कुटलेला लाल मसाला. कोल्हापुरात ‘चटणी संपली’ म्हटलं की कुणी नारळाच्या चटणीकडे पाहत नाही.)

याचा सरळ अर्थ असा की जितकं मटण शिजेल तितकीच खरी आळणी. पाटीवर ‘रस्सा अनलिमिटेड’ लिहिलं म्हणून आळणी वाढत नाही. दुपारी बाराला शिजवलेली आळणी रात्री साडेनऊपर्यंत पुरवायची तर तिच्यात पाणी पडणार, नाहीतर पीठ. आणि नारळाच्या दुधाचा रस्सा पुन्हा पुन्हा उकळला की फुटतो. वाटीत पांढरे कण आणि वर तेलकट पाणी वेगवेगळं दिसलं, तर तो दुपारचा आहे असं खुशाल समजा.

म्हणून कुणीही कुठल्याही खानावळीचं नाव सांगितलं तरी पुढचा प्रश्न हाच : ‘रात्रीचं मटण वेगळं शिजतं का तिथं?’ बऱ्याच जणांना हे सांगता येणार नाही. ज्याला सांगता येईल, तो तुमचा माणूस.

मग विचारायचं कुणाला?

लॉजच्या काउंटरवर किंवा स्टँडबाहेरच्या पहिल्याच रिक्षावाल्याला विचारून थेट निघू नका. कोल्हापुरातले रिक्षावाले मनानं मोकळे आहेत, त्यांच्याकडून मला उत्तम पत्ते मिळालेले आहेत. पण काही जागा गिऱ्हाईक आणणाऱ्याला काही देतात, हे कुठल्याही यात्रेच्या गावात चालतं. तुम्हाला सांगितलेली जागा त्याची स्वतःची आवड आहे की नाही, हे ओळखायला एकच प्रश्न पुरे : ‘तुम्ही कुठं जेवता?’

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो मटणाच्या दुकानातला माणूस. सकाळी देवळाकडे जाताना वाटेत एखादं दुकान लागतंच. दोन मिनिटं थांबून विचारा. कुठली खानावळ रोज किती नेते, बोकडाचंच नेते का, दुपारी चारला दुसऱ्यांदा माणूस पाठवते का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दुपारी चारला पुन्हा मटण नेणाऱ्या खानावळीत रात्री ताजं शिजतं, याहून पक्का पुरावा नाही. गेल्या दिवाळीनंतर एका मित्राला घेऊन मी असाच एका दुकानात उभा होतो. सुरा पुसत मामा म्हणाले, ‘कुठनं आलायसा? पुण्याचं व्हय. मग आज जाऊ नगासा, आज गुरुवार. उद्या जावा, उद्या त्येंच्याकडं दोन बोकडं हाईत.’ मित्राचा मुक्काम दोन रात्रींचा होता. आम्ही त्या रात्री झुणका-भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी जेवलो, त्याची आठवण तो अजून काढतो.

दुसरी जागा म्हणजे तालीम. इथल्या प्रत्येक पेठेला तिची तालीम आहे. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेली पोरं खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर असतात. फक्त एक ध्यानात ठेवा, पेठेचा अभिमान इथं मोठा आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यात जे होतं, ते जेवणाच्या बाबतीतही होतं. प्रत्येक जण आपल्याच पेठेतलं नाव घेणार. त्यावर उपाय म्हणून मी पाहुण्यांना हा प्रश्न शिकवतो : ‘तुमच्या पेठेबाहेर जेवायचं झालं तर कुठं जाल?’ शिवाजी पेठेतल्या माणसानं पेठेबाहेरचं नाव घेतलं, तर ती जागा चांगली असणारच.

मोबाइलवरचे तारे बघायला हरकत नाही, पण तिथं पार्किंग, एसी आणि वेटरची बोलणी यांनाच तारे मिळतात. आळणीला कुणी तारा देत नाही.

वार आणि वेळ न बघता जाणं

बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे मोठे वार. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी अनेक घरांत खात नाहीत. जोतिबाचा वार रविवार असल्यामुळे काही घरांत रविवारीही नाही. खानावळी यातल्या कुठल्या वारी बंद राहतात ते प्रत्येकीचं वेगळं आहे. श्रावणात आणि नवरात्रात तर आधी फोन केल्याशिवाय पाऊल उचलू नका.

वेळेचं म्हणाल तर आठ ते नऊ. सातला गेलात तर रात्रीचं अजून चुलीवर असतं आणि घाईत दुपारचं वाढलं जाण्याची शक्यता असते. दहानंतर चांगल्या जागी मटण संपलेलं असतं. ‘संपलं’ हे उत्तर ऐकून रागावू नका. तिथं मोजून शिजवतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. दुसऱ्या दिवशी तिथंच लवकर जा.

आणि रात्री मिसळ शोधत फिरू नका. चांगली मिसळ इथं सकाळची असते, तिच्या नावाजलेल्या जागा दुपारपर्यंत आवरतात.

‘कमी तिखट द्या’

लाल रंग बघून घाबरलेले पाहुणे हे हमखास म्हणतात. तांबडा रस्सा कढईत तयार झालेला असतो, तुमच्या वाटीपुरता तो कमी तिखट होत नाही. मग पाणी किंवा पांढरा त्यात मिसळून आणतात आणि दोन्हींची चव जाते. कोल्हापुरी जेवण झणझणीत असतं, पण नुसता जाळ म्हणजे कोल्हापुरी नव्हे. बाहेरगावच्या हॉटेलांतल्या ‘व्हेज कोल्हापुरी’नं हा समज पसरवला आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. इथल्या चटणीत रंगाला ब्याडगी आणि चवीला संकेश्वरी मिरची असते, तिखटामागून कांदा-लसणाचा आणि तिळा-खोबऱ्याचा गोडवा यायला हवा.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर आधी विचारा, ‘आळणी मिळेल का?’ घरगुती खानावळीत भातावर वाटीभर आळणी आनंदानं देतात. आमच्याकडे तापातून उठलेल्याला तीच देतात.

सोबत कुणी मटण न खाणारं असेल, तर त्याला खानावळीत पनीर मागायला लावू नका. पिठलं, वांगं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा मिळतो का ते पाहा. अख्खा मसूर मिळाला तर उत्तमच. भांडी आणि चूल वेगळी हवी असेल तर ते फोनवरच स्पष्ट विचारा, टेबलावर बसल्यावर विचारून दोन्हीकडे अवघडलेपण येतं.

पोहोचल्यावर गडबड वाटली तर

आत शिरताना कान द्या. भाकरी थापल्याचा आवाज येत असेल तर बरं लक्षण. भाकऱ्या आधीच थापून डब्यात रचून ठेवलेल्या असतील तर रात्रीच्या जेवणाचाही तोच हिशेब असतो.

सहा जण असलात तरी सगळी ताटं एकदम सांगू नका. आधी दोन सांगा. पांढरा रस्सा पहिल्यांदा येतो, तो भाताबरोबर न खाता वाटी तोंडाला लावून प्या. पातळ असेल, जिभेवर आधी मटणाचा आणि मग मिरीचा स्वाद येईल, तर उरलेली चार ताटं निर्धास्त सांगा. घट्ट, गोडसर किंवा फुटलेला वाटला तर दोन ताटांचे पैसे देऊन उठा. भांडायची गरज नाही. पण मालक गल्ल्यावर असेल तर शांतपणे सांगा, ‘दादा, पांढरा फुटलाय.’ चांगला मालक लगेच आत जाऊन बघतो. माझ्यासमोर एकानं अख्खं पातेलं बाजूला काढलं होतं आणि आम्हाला वीस मिनिटं थांबायला सांगून नव्यानं वाटण घातलं होतं. त्या घरी मी आता डोळे झाकून माणसं पाठवतो.

उठावं लागलंच तर उपाशी झोपू नका. खासबाग मैदानाजवळच्या खाऊगल्लीत भेळ खा आणि तिथून गंगावेशच्या दूधकट्ट्यावर जा. तिथं म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पेला रिकामा करताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, घरच्यांना घेऊन शेवटचं कुठं जेवला होता म्हणून. दूध प्यायला आलेला तो माणूस बहुतेक जवळच्याच पेठेतला असतो.